चारचा आकडा

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे घुम्या म्हणतात. एक वाक्य बोलायचं तर त्याच्या जिवावर येतं. असा माणूस एका सकाळी आपणहून म्हणाला, "ताई, लेथला थ्रेड डायल बसवू या," तेव्हाच मी ओळखलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

"कशाला?" मी विचारलं.

"आटे पाडायला सोपं जाईल."

"कुणाला?"

"कुणालाही," असं म्हणून तो सायकल पुसायला निघून गेला. सायकल आधीच लख्ख होती.

आमचं वर्कशॉप म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याकडे शटर, मागे खिडकी आणि मधोमध लेथ. वर घुम्या आणि त्याची बायको राहतात, मागच्या खोलीत मी. लेथ बाबांनी जुना घेतलेला, जाताना आम्हा दोघांना मिळून ठेवून गेले. घुम्या तेव्हा मोठ्या कारखान्यात टर्नर होता, म्हणून बाबांच्या मागे मशीन मी एकटीने चालवलं. पंपांचे शाफ्ट, नळ्यांचे जोड, बुश, कुणाचा तुटलेला बोल्ट, जे येईल ते. मग घुम्याचा कारखाना बंद पडला आणि तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. उभा राहिला तो राहिला, आल्यापासून माझ्या हातांकडे टक लावून बघत असतो. बाई लेथ चालवते याचं आता आमच्या गल्लीत कुणाला काही वाटत नाही, पण सख्ख्या भावाने असं बघत राहावं?

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला दुसरं काही येत नाही, आणि दुसरं काही शिकायचंही नाही. लेथ गेला तर मी भावजयीच्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बसणारी नणंद होणार. ती काही वाईट नाही, पण भाजी निवडताना अंगावर लोखंडाचा गरम कीस उडत नाही, आणि मला त्याशिवाय दिवस गेल्यासारखा वाटत नाही.

म्हणून डायलचं नाव ऐकताच माझे कान टवकारले.

आटे पाडताना टूल एकदा फिरवून भागत नाही. त्याच खाचेतून पुन्हा पुन्हा न्यावं लागतं, दर वेळी जरा खोल. केसभर बाजूला पडलं की आटा फाटला आणि जॉब भंगारात. बाबांची पद्धत साधी होती. टूलच्या गाड्याला लांबलचक लीड स्क्रूशी जोडणारा एक खटका असतो, हाफ नट म्हणतात त्याला. बाबा तो एकदा लावला की काम संपेपर्यंत उघडत नसत. टूल मागे घ्यायचं, मोटर उलटी फिरवायची, गाडा आल्या वाटेने परत. वेळ लागतो, पण चुकायची सोयच नाही. मी तशीच शिकले. डायल असली की मात्र खटका उघडता येतो, गाडा हाताने झटकन मागे आणता येतो, आणि डायलवरची ठरलेली रेघ खुणेसमोर आली की खटका पुन्हा लावायचा. मोठ्या कारखान्यांत सगळीकडे असतं ते. आमचं मात्र त्यावाचून कधी अडलं नव्हतं.

जुनी मशीनं विकत घेणारे लोक डायल आहे का ते आधी बघतात, हे मला ठाऊक होतं. घुम्यालाही ठाऊक होतं.

तसे ते दिवसच फसवणुकीचे होते. कोपऱ्यावरचा बल्बवाला कमी उजेडाचे बल्ब जास्त उजेडाच्या खोक्यात घालून विकत होता. मी परत करायला गेले की काउंटरवर लावून दाखवायचा, तिथे झकास पेटायचा, आणि आमच्या लेथवर आला की त्याच्या जिवात जीव राहत नसे. वर्तमानपत्रवाल्यांनी शाईत पाणी घालायला सुरुवात केली होती. सळईवाला तर पक्का चोर. त्याच्या लोखंडात काय भेसळ होती कोण जाणे, पण चांगला चाललेला जॉब शेवटच्या हाताला हटकून मापाबाहेर जायचा. असे जॉब मी कीसाच्या डब्यात तळाशी टाकत होते. लपवायला नव्हे हं. उगाच घुम्याने तोंड पाडून बघत राहू नये म्हणून.

तो लीड स्क्रूचे आटे मोजत बसला, कागदावर चाकाचे दात काढले, ओळखीच्या मिलिंगवाल्याकडून पितळेचं चाक कापून आणलं. मी बघत होते. एका दुपारी मी मागच्या खोलीत पडले होते आणि तो जिन्याखाली फोनवर बोलत होता. घुम्या आणि फोनवर! मी श्वास रोखला.

"नाही," तो म्हणाला. "तिला अजून काही बोललो नाही." मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "तसं असेल तर मशीन विकावंच लागेल. दुसरा इलाज नाही."

उठून जाऊन त्याची गचांडी धरावी असं वाटलं. पण मी उठले नाही, कारण विचारलं असतं तर तो "काही नाही" म्हणाला असता, आणि घुम्याचं "काही नाही" म्हणजे भिंत. मी ठरवलं, आता बोलायचं नाही. डोळ्यांत तेल घालून बघायचं.

बघायला लागले तर एकेक प्रकार दिसायला लागले.

पहिली भावजय. एरवी चहा झाला की ती वरून हाक मारते आणि आपण जाऊन घ्यायचा. ती आता ट्रे घेऊन स्वतः खाली यायला लागली. आणि कप कसा, तर काठोकाठ भरलेला. वर नुसती फुगीर साय. तोही हातात द्यायची नाही, खिडकीतल्या फळीवर ठेवायची आणि म्हणायची, "ताई, घ्या ना." मी फळीवरून कप उचलून लेथजवळच्या स्टुलापर्यंत आणायचा आणि ती तिथेच उभी राहून बघणार. भांडण असलं की ती मला वन्सं म्हणते आणि गोडी असली की ताई. त्या आठवड्यात नुसतं ताई, ताई चाललं होतं.

"अगं, चहा ओतायचा की विहीर भरायची?" मी एकदा म्हटलं.

"सांडला का?" तिने पटकन विचारलं.

"माझ्या हातून? अजून तेवढी म्हातारी नाही झाले."

ती हसली आणि लगबगीने वर गेली. जिन्यात तिची आणि घुम्याची काहीतरी कुजबुज झाली. मला लोणी लावून काय मिळवायचं आहे ते मी समजून चुकले. लेथ विकला जाईल त्या दिवशी मी फार तमाशा करू नये, एवढ्यासाठी तो चहा होता. तरी मी प्यायले, चहाने काय केलंय?

मग एक माणूस आला. बूट इतके स्वच्छ की वर्कशॉपमध्ये कामासाठी येणारा तो नव्हे, हे दारातच कळलं. घुम्याने त्याला "या" म्हटलं आणि नेमका त्याच वेळी दुकानात काहीतरी आणायला निघून गेला. तो माणूस लेथभोवती फिरला. मग माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"काम करताना तुम्ही इथेच उभ्या राहता?"

"नाही, छताला टांगून घेते."

तो हसला. असल्या लोकांना अपमान लागत नाही. त्याने खिशातून टेप काढली, तिचं टोक जॉब पकडून फिरवणाऱ्या चकवर धरलं आणि दुसरं टोक माझ्या दिशेने ओढत आणलं, पार माझ्या नाकाजवळ हवेत थांबवलं. आकडा बघितला, मान डोलावली.

"नेहमी एवढ्याच अंतरावरून बघता, की वाकता?"

"तुम्हाला मशीन बघायचं आहे की मला?"

"दोन्ही," तो म्हणाला. वर माझ्या डोळ्यांत असं रोखून बघितलं की मी हातातली चकची चावी घट्ट धरली. "उजेड पुरतो का हो इथे?"

"भिकार बल्ब आहे."

"बल्ब तर चांगला दिसतोय," म्हणाला आणि गेला.

मी त्या हवेतल्या मापाचा बराच विचार केला. चकपासून माझ्यापर्यंतची जागा कुणाला कशाला हवी? मग डोक्यात प्रकाश पडला. लेथ बाहेर काढायचा तर तो तिथेच फिरवून शटरकडे न्यावा लागणार. वळायला जागा पुरते का, ते गिऱ्हाईक बघून गेलं. माझ्याच नाकासमोर, अगदी शब्दशः.

मला रडू आलं, खरंच सांगते. बाबांच्या लेथचं माप घेऊन गेले आणि मी चावी हातात धरून उभी राहिले. चावी निदान त्याच्या त्या बुटांवर तरी टाकायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी अचानक आत आले तर घुम्या पितळेच्या गोल चकतीवर वाकून ठोकत होता. मला बघताच त्याने एक छोटी पेटी खिशात घातली. पेटी खुळखुळली.

"काय आहे ते?"

"काही नाही."

"काही नाही असं वाजतं?"

"आकडे मारायचे पंच आहेत."

"पंच आपल्या खणात आहेत. हे कुणाचे?"

"मागून आणले," तो म्हणाला. घरात पंच असताना दुसऱ्याकडे मागायला जाणारा माणूस सरळ असतो, असं कुणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही.

डायल बसवायचा दिवस उजाडला. घुम्याने गाड्याच्या उजव्या अंगाला खडूने खूण केली, पंच मारला आणि हातड्रिल लावलं. बाबांच्या मशीनला भोक पडताना मी पहिल्यांदा बघत होते. ओतीव लोखंडाचा काळा भुगा खाली पडत होता आणि मला ते माझ्याच बरगडीला चाललंय असं वाटत होतं. पण कामात खोड काढायला जागा नव्हती, हेही कबूल केलं पाहिजे. त्याने भोकाला आटे पाडले, डायलची लहानशी घोडी बोल्टने बसवली, खालचं पितळेचं चाक सावकाश लीड स्क्रूच्या आट्यांत सरकवलं. फार घट्ट नाही, फार ढिलं नाही. मोटर चालू केली. स्क्रू फिरू लागला आणि वरची चकती गोगलगायीच्या चालीने फिरायला लागली. खटका लावला की ती जागच्या जागी थांबायची, कारण मग गाडाच स्क्रूबरोबर चालायचा.

एक काम उरलं होतं. खटका लागतो त्या क्षणी चकतीवरची रेघ घोडीवरच्या खुणेसमोर बरोब्बर यायला हवी. ती जराशी पुढे येत होती. घुम्याने वरचा स्क्रू ढिला केला, खटका लावून ठेवला, चकती बोटाने किंचित फिरवून रेघ खुणेला आणली, स्क्रू आवळला. पुन्हा उघडला, पुन्हा लावला. जुळली.

"बघ," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

मी वाकले. चकतीवर चार लांब रेघा, त्यांच्यापुढे आकडे, आणि मधे मधे आखूड रेघा, त्यांना आकडे नाहीत. असं असतं ते मला माहीत होतं. पण आकड्यांची तऱ्हा काय सांगू. एक भलामोठा, घराच्या दारावर लावावा असा. दोन त्याहून बारीक. तीन पार झिजलेला.

"हे काय रे? पंच हातातून निसटत होता का?"

"असेल."

मला आनंद झाला, खोटं का बोलू. विकायचं म्हणून घाईघाईत उरकलेलं काम, आणि ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

पंपवाल्याच्या नळीचा जोड करायचा होता, इंचाला अकरा आटे. घुम्याने तोच चकमध्ये धरला, बाहेरून साफ केला, आट्यांचं टूल लावलं आणि मला म्हणाला, "तू पाड. अकरा विषम आहेत, तेव्हा आकड्यांच्या रेघांवरच लाव. आखूड रेघ धरलीस तर टूल दोन आट्यांच्या मधोमध पडेल."

"माहीत आहे मला. तू चड्डीत होतास तेव्हापासून आटे पाडतेय."

"चारवर लाव."

मी चकतीकडे बघितलं. ती सावकाश फिरत होती. एक गेला, दोन गेला, तो झिजलेला तीन गेला, मग पुन्हा एक आला.

"चार कुठंय?"

घुम्याने चकती चिंधीने पुसली.

"चार मारायलाच विसरलास," मी म्हटलं, आणि सांगायला हरकत नाही, मोठ्याने म्हटलं, वर भावजयीला ऐकू जाईल असं. "एवढा मोठ्या कारखान्यातला टर्नर, चारपर्यंत मोजता येईना! गिऱ्हाइकाला काय सांगणार, तीन आकडी डायल आहे म्हणून?"

तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला नाही, ओशाळला नाही. उलट काहीतरी हरवल्यासारखा चेहरा केला. मग हळूच म्हणाला, "बरं. एकवर लाव."

मी एकवर लावला. टूल गेलं, बारीक खाच उमटली. खटका उघडला, गाडा हाताने मागे आणला, एकची वाट बघितली, लावला. टूल त्याच खाचेत पडलं. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. काम झपाट्याने चाललं आणि मला ते आवडलं. त्याचाच राग आला. विकायच्या मशीनवर चांगली सोय करून ठेवली होती मेल्याने.

एक यायची वाट बघण्यात वेळ जात होता. आकडा कुठलाही चालतो हे मलाही कळतं. झिजलेला तीन येताना दिसला, त्याची रेघ खुणेसमोर आली आणि मी खटका लावला.

चूक मला दिसायच्या आधी ऐकू आली. सुंदर चाललेली सळसळ एकदम खरखरली. मी टूल मागे ओढलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. आट्यांच्या डोक्यावर दुसरी खाच चढली होती, सगळा आटा फाटला होता.

घुम्याने मोटर बंद केली.

"तू मुद्दाम केलंस," मी म्हटलं. तोंड सुटलं ते सुटलंच. "खोटी डायल बसवलीस! मी चुकावं, माझ्या हातून जॉब जावेत, म्हणजे तुला सांगता येईल की ताईच्याने आता होत नाही, मशीन विकू या. मला सगळं माहीत आहे. फोनवर काय बोललास ते ऐकलंय मी. तो स्वच्छ बुटांचा दलाल माप घेऊन गेला. तुझी बायको मला चहा पाजून गप्प करायला बघतेय. बाबांनी तुझ्या नावावर अर्धा ठेवलाय, अर्धाच! माझा अर्धा इथून हलणार नाही, मग तू तुझा अर्धा कापून ने."

जिन्यात भावजय येऊन उभी होती. घुम्या चिंधीला हात पुसत राहिला, एकेक बोट सावकाश.

"ताई, तू आखूड रेघेवर लावलास."

"तीनवर लावला."

"तीनच्या शेजारच्या आखूड रेघेवर." मग तो म्हणाला, "आणि चार आहे, ताई."

"कुठंय?"

त्याने माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना मी त्याचा धरायची, त्यानंतर आम्ही एकमेकांचा हात धरल्याचं मला आठवत नाही. माझं बोट त्याने चकतीवर नेलं, तीनच्या पुढच्या लांब रेघेपाशी. गुळगुळीत पितळ. मी नखाने चाचपलं. नखाला एक बारीकसा त्रिकोण लागला, मुंगीच्या डोक्याएवढा. खाली त्याची दांडी.

चार होता.

मी वाकून बघितलं, अगदी नाक टेकवून. उजव्या डोळ्याला पितळेवर धुकं बसल्यासारखं दिसत होतं. डावा मिटला, उजवा मिटला, पुन्हा बघितलं. मग मी स्टुलावर बसले.

घुम्या त्या दिवशी जेवढा बोलला तेवढा त्याच्या लग्नातसुद्धा बोलला नसेल. कीसाच्या डब्यात त्याला फाटलेले जॉब सापडले होते. एक नाही, ढीगभर. त्याला बाबा आठवले. बाबांचा हात शेवटी शेवटी कापायला लागला होता आणि त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. चकने दोन बोटं नेली तेव्हा आम्हाला कळलं. माझंही तसंच असेल, ही भीती त्याला झोपू देत नव्हती. तो मुद्दाम माझे हात बघत राहिला. हात त्याला ठीक वाटत, पण बाबांचेही त्याला ठीकच वाटले होते.

"मग हिने चहा ओतला," तो म्हणाला.

"काठोकाठ," भावजय जिन्यातून म्हणाली. "तुम्ही एक थेंब सांडला नाही. रोज बघत होते."

हात नाही म्हणजे डोळा, असं ठरलं. चष्मेवाला त्याच्या ओळखीचा. त्याच्या काचा घासायच्या यंत्राचा शाफ्ट घुम्याने आमच्याच लेथवर करून पोचवला होता. तो म्हणाला, घेऊन या. घुम्या म्हणाला, ती येणार नाही. तेव्हा चष्मेवाला म्हणाला की मग तिला नकळत काहीतरी वाचायला लावा, मोठं ते बारीक. डायल तर खरोखरच आटे सोपे जावेत म्हणून करायला घेतली होती. आकड्यांची कल्पना मागाहून सुचली. एकेक आकडा वेगळ्या मापाच्या पंचाने मारलेला होता आणि चारचा पंच त्याने घड्याळजीकडून मागून आणला होता.

"तो स्वच्छ बुटांचा?"

"तोच चष्मेवाला. चेहऱ्यापासून कामापर्यंतचं अंतर मोजायला आला होता. चष्म्याला लागतं."

मला हसू यायला हवं होतं, पण मी संतापले. मला माझ्याच मशीनपाशी उभं करून, माझ्याच धंद्यातली वस्तू पुढे करून, शाळेतल्या पोरीसारखं वाचून घेतलं होतं! आणि मी, जिच्या नजरेतून काही सुटत नाही, तिने भरल्या घरात ओरडून सांगितलं होतं की चार नाही.

"सरळ विचारायचं होतंस, 'ताई, तुला दिसतं का?' म्हणून!"

"विचारलं होतं," घुम्या म्हणाला. "तू जाऊन बल्ब बदलून आणलास."

चष्मेवाल्याकडे मी गेले. त्याच्या तक्त्यावरच्या खालच्या ओळी मुद्दाम पुसट छापलेल्या आहेत असं माझं मत मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, चष्म्याने भागणार नाही, डॉक्टरांकडून काढून घ्या, मग लेथवर खुशाल उभ्या राहा. खुशाल हा शब्द त्याने वापरला. मी तो दोनदा म्हणवून घेतला.

घरी परत येताना मला बल्बवाल्याच्या दुकानावरून जावं लागलं. त्याने हात केला. मीही केला. सळईवाल्याचं मात्र मी अजून पक्कं ठरवलेलं नाही.

वर्कशॉपमध्ये घुम्याने पंपवाल्याचा जोड नव्याने करून ठेवला होता आणि चकतीवरच्या आखूड रेघा कानस मारून साफ घालवल्या होत्या. आता फक्त चार लांब रेघा उरल्या, त्यांतली कुठलीही धरली तरी हे आटे फाटणार नाहीत. एका रेघेच्या टोकाला त्याने खोलगट खड्डा केला होता, बोटाला लागावा असा. "डोळा होईपर्यंत," एवढंच म्हणाला. मी बोट फिरवून बघितलं. माझा भाऊ आहे तो, आणि काम चोख करतो. मला भरून आलं, पण त्याला ते दिसू नये म्हणून मी चकची चावी शोधायला लागले.

भावजय चहा घेऊन आली. आज कप अर्धाच होता.

"आज विहीर आटली वाटतं," मी म्हटलं.

"आता काय, तुम्ही पास झालात," ती म्हणाली, फळीवर कप ठेवून वर निघून गेली.

मी फळीपाशी गेले आणि तिथेच थांबले. फोनवरचं ते वाक्य काही केल्या माझ्या कानातून जात नव्हतं. त्याचा उलगडा कुणी केलाच नव्हता. दलाल नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं. मग विकावंच लागेल हे कशावरून?

"घुम्या," मी म्हटलं, "चहा सांडला असता तर?"

तो डायलच्या घोडीला तेल देत होता. तेलाची बुधली त्याने खाली ठेवली.

"तर मशीन विकलं असतं."

"मला न विचारता?"

"न विचारता."

त्याने नजर चुकवली नाही. इतक्या दिवसांत त्याच्या बोलण्यात मला पहिल्यांदाच काही काळंबेरं दिसलं नाही. मला वाटतं, तो मनात बाबांची ती दोन बोटं मोजत होता, आणि खरं सांगायचं तर मीही.

मी कप उचलला. बशी किंचित वाजली. मला राग आला होता, दुसरं काही नाही. पण घुम्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. तो कपाकडे बघत होता.